पेढी आणि न्यायालय : कोऱ्या चेकवरील सही



सप्टेंबर २०२५ मध्ये, अवघ्या सहा दिवसांच्या अंतराने, सर्वोच्च न्यायालयाने चेक न वटल्याच्या प्रकरणांत दोन महत्त्वाचे निकाल दिले. १९ सप्टेंबरच्या निकालात एक कोटी रुपयांचा चेक हाती असलेला फिर्यादी हरला. २५ सप्टेंबरच्या निकालात सहा लाखांच्या चेकचा फिर्यादी जिंकला. वरवर पाहता हे निकाल परस्परविरुद्ध दिशांना जातात असे वाटते. प्रत्यक्षात दोहोंचे सूत्र एकच आहे. चेकवर सही करणाऱ्याला न्यायालय त्या सहीपासून सहजासहजी सुटू देत नाही, आणि त्या सहीच्या बळावर पैसे मागणाऱ्यालाही रकमेच्या बाबतीत ढिलाई देत नाही. आपण व्यापारी मंडळी कधी या बाजूला, तर कधी त्या बाजूला असतो. सिमेंट विकताना चेक घेतो आणि तेच सिमेंट कंपनीकडून उचलताना चेक देतो. म्हणून हे दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचावयास हवेत.

मुळशी तालुक्यातील घोटावडे येथील एका व्यापारी बंधूंनी याच विषयावर प्रश्न पाठविला आहे. त्यांचे बांधकाम साहित्याचे दुकान आहे. एका ठेकेदाराने सिमेंट-सळई उधारीवर नेली, सुरुवातीलाच सही केलेला कोरा चेक 'सिक्युरिटी' म्हणून देऊन ठेवला, मध्यंतरी काही रक्कम ऑनलाइन जमा केली, आणि आता तो फोन उचलीत नाही. चेक भरून बँकेत टाकावा काय, किती रकमेचा भरावा, आणि तो परत आला तर पौडला जावे की पुण्याला, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. पुणे-पौड रस्त्यावरील घोटावडे फाटा, पिरंगुट, आणि पलीकडे माण-हिंजवडी या साऱ्या पट्ट्यात कारखाने, गोदामे व बांधकामे वाढली, तसतशी उधारीही वाढली. हा प्रश्न त्यामुळे एकट्या त्या बंधूंचा नाही. गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये असे पाच-दहा कोरे चेक नाहीत असे दुकान या रस्त्यावर विरळाच असेल.

प्रथम कायद्याची चौकट थोडक्यात पाहू. चलनक्षम दस्तऐवज कायदा १८८१ सालचा. परंतु चेक न वटणे हा गुन्हा ठरविणारे कलम १३८ त्यात १ एप्रिल १९८९ पासून आले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाद मुळात देण्याघेण्याचा, म्हणजे दिवाणी; कारवाई मात्र फौजदारी. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने या कारवाईला लांडग्याचे कातडे पांघरलेली मेंढी म्हटले होते, ते याच अर्थाने. या दुहेरी स्वरूपामुळेच आपल्या लोकांची गफलत होते. वसुली समजून सैलपणे वागावे, तर पुढे फौजदारी कायद्याची काटेकोर शिस्त उभी असते.

आता २५ सप्टेंबरचा निकाल. हे प्रकरण आपल्या शेजारच्या गोव्यातील आहे आणि 'संजबीज तारी' या नावाने ते ओळखले जाते. व्यवहार साधा होता: हातउसने म्हणून दिलेले सहा लाख रुपये आणि त्यांच्या परतफेडीचा चेक. चेक वटला नाही. आरोपीचा बचाव असा की, फिर्यादीची एवढी रक्कम देण्याची ऐपतच नव्हती. आणि चेक तर आपण कोराच दिला होता, तो दाखवून फिर्यादीला बँकेकडून कर्ज मिळावे म्हणून. दंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरविले, सत्र न्यायालयाने ते कायम केले. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये आरोपीला सोडून दिले. न्यायमूर्ती मनमोहन व न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने ती सुटका रद्द केली. दुसऱ्याला बँकेचे कर्ज मिळावे म्हणून कोरा चेक दिला, हा बचाव न्यायालयाला विश्वास ठेवण्यासारखाच वाटला नाही. आरोपीने कायदेशीर नोटिशीला उत्तरसुद्धा दिले नव्हते, हेही न्यायालयाने त्याच्याविरुद्ध धरले. अखेर साडेसात लाख रुपये, दरमहा पन्नास हजारांच्या पंधरा हप्त्यांत देण्याचा आदेश झाला. न्याय मिळाला हे खरे. पण २००९ च्या सुटकेवर २०२५ मध्ये निर्णय यावा, एवढा काळ कोणत्या पेढीला परवडणार आहे?

नोटिशीला उत्तर न देण्याची सवय आपल्याकडे फार आहे. 'वकिलाचे पाकीट आले, ठेवून द्या, बघू' असे म्हणून ते देवघराशेजारच्या फळीवर पडून राहते. पुढे न्यायालयात कितीही खरे सांगितले, तरी पहिला प्रश्न हाच येतो की, हे सर्व तेव्हाच का सांगितले नाही?

कोऱ्या चेकबद्दल कायदा आता बऱ्यापैकी स्थिर झाला आहे. ६ फेब्रुवारी २०१९ च्या 'बीर सिंग' निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एखाद्याने स्वखुशीने सही करून कोरा चेक कोणत्या तरी देण्यापोटी दिला, तर त्यावरील रक्कम व तारीख दुसऱ्याने लिहिली म्हणून सही करणारा सुटत नाही. तो चेक कायदेशीर देण्यापोटीच दिला होता असे न्यायालय गृहीत धरते, आणि तसे नव्हते हे दाखविण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. २०२२ मध्ये याच अनुषंगाने आणखी स्पष्ट झाले की, चेकवरील मजकूर माझ्या हस्ताक्षरातील नाही असे हस्ताक्षरतज्ज्ञाकडून सिद्ध केले, तरी एवढ्याने बचाव उभा राहत नाही. चेक 'सिक्युरिटी'चा होता, हेही जादूचे वाक्य नव्हे. २०२१ च्या 'श्रीपती सिंग' निकालानुसार, ज्या देण्याच्या हमीपोटी चेक दिला ते देणे मुदतीत फिटले नाही आणि मधल्या काळात दुसरी काही व्यवस्था ठरली नाही, तर हमीचा चेकही बँकेत टाकता येतो.

घोटावड्याच्या बंधूंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. माल गेला आहे, बिले आहेत, चलनावर पोच आहे, देणे थकले आहे. तर तो चेक भरून बँकेत टाकता येईल. परंतु ही बाब सही करणाऱ्यानेही तितक्याच गांभीर्याने घ्यावी. 'नुसता ठेवायला द्या हो, वापरणार नाही' या शब्दावर जो कोरा चेक देतो, तो प्रत्यक्षात समोरच्याच्या सचोटीवर आपली बँकशिल्लक आणि स्वातंत्र्य दोन्ही सोपवून येतो. दिलाच पाहिजे, तर तो कशापोटी, किती रकमेच्या मर्यादेत व कोणत्या क्रमांकाचा दिला, हे दोन ओळींच्या पत्रात लिहून त्यावर घेणाऱ्याची सही घ्यावी. आणि हिशेब मिटला की चेक परत मागावा. परत मागण्याचा संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. नात्यात, समाजात, एकाच मंदिरात रोज भेटणाऱ्या माणसांकडे कागद मागणे जिवावर येते. तरीही मागावा.

दुसरा प्रश्न रकमेचा, आणि येथेच अधिक लोक हरतात. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी तत्कालीन न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती हिमा कोहली यांनी गुजरातमधील एका प्रकरणात निकाल दिला. चेक वीस लाखांचा होता. पण सही झाल्यानंतर व चेक बँकेत जाण्यापूर्वी देणाऱ्याने सुमारे चार लाख नऊ हजार फेडले होते. फिर्यादीने तरी पूर्ण वीस लाखांचा चेक टाकला आणि नोटीसही वीस लाखांची पाठविली. न्यायालयाने म्हटले की, चेक बँकेत जाण्याच्या दिवशी तेवढे देणेच शिल्लक नव्हते, म्हणून गुन्हा घडलाच नाही. अंशतः रक्कम मिळाली असेल, तर तिची नोंद चेकवरच करावी आणि उरलेल्या रकमेपुरताच तो वटवावा, हा मार्ग त्याच कायद्याच्या कलम ५६ मध्ये दिलेला आहे. व्यवहारात चेकवर शेरा लिहून तो टाकण्यापेक्षा, शिल्लक रकमेचा नवा चेक घेणे सोयीचे.

समजा, आपल्या वहीत ठेकेदाराकडे चार लाख येणे आहे. त्याने गेल्या दिवाळीत दीड लाख ऑनलाइन पाठविले. दुकानदाराने रागाच्या भरात कोऱ्या चेकवर चार लाख लिहिले. बँकेच्या उताऱ्यात दीड लाख जमा दिसतातच. आरोपीच्या वकिलाने तो उतारा दाखल केला की, उरलेल्या अडीच लाखांचा खरा दावाही फौजदारी न्यायालयातून वाहून जाण्याचा धोका आहे. दिवाणी दावा करता येतो, पण त्याचा खर्च आणि काळ निराळा. म्हणून त्या बंधूंनी प्रथम खतावणी काढावी, मिळालेली प्रत्येक रक्कम वजा करावी, आणि आज जी बाकी निघते तीच, तेवढीच, चेकवर लिहावी. ठरलेले व्याज लावावयाचे असेल, तर ते ठरल्याचा कागद हाती असावा. वहीत नाही ते चेकवर लिहू नये.

श्रावकाच्या सत्य अणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया आहे आणि न्यासापहारही आहे. खोटा लेख करणे आणि विश्वासाने ठेवलेल्या ठेवीचा अपहार करणे. कोऱ्या चेकवर देण्यापेक्षा अधिक रक्कम भरणे हे एकाच वेळी या दोन्ही अतिचारांत येते, असे मला वाटते. पर्युषणात प्रतिक्रमण करून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात तसे करताना कचरतो की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे. कायद्याने मात्र आता त्याची वाट अडविली आहे.

१९ सप्टेंबरचा निकाल तर याहून काटेकोर. 'कावेरी प्लास्टिक्स' या प्रकरणात चेक एक कोटीचा होता, तो परत आला, आणि नोटिशीत मागणी केली गेली दोन कोटींची. फिर्यादीचे म्हणणे असे की, ती टंकलेखनातील चूक होती. चेकचा क्रमांक व तारीख बरोबर आहे, तेव्हा समोरच्याला काय मागितले ते कळत होतेच. पण दुसऱ्यांदा नोटीस दिली तेव्हाही तोच आकडा होता. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई व न्यायमूर्ती अंजारिया यांच्या पीठाने स्पष्ट केले की, नोटिशीत चेकचीच रक्कम मागितली पाहिजे, तीत फरक पडला तर नोटीस अवैध, आणि टंकलेखनाची चूक हा बचाव चालणार नाही. दंडाचे कलम आहे, म्हणून ते शब्दशः पाळले पाहिजे, ही त्यामागची भूमिका. एका आकड्याने एक कोटीचा खटला गेला. व्याज, नोटिशीचा खर्च, बँकेचा दंड हे मागण्यास मनाई नाही. पण चेकची रक्कम वेगळी, ठळक आणि अचूक लिहावी, व बाकीच्या मागण्या निराळ्या दाखवाव्यात. वकिलांनी मसुदा पाठविला की, आपण व्यापाऱ्याच्या नजरेने तो आकडा चेकशी ताडून पाहावा. मालाचे बिल जसे दोनदा तपासतो, तसाच.

मुदतींचा हिशेब प्रत्येक पेढीवर भिंतीला लावून ठेवण्याजोगा आहे. चेकवरील तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत गेला पाहिजे. बँकेचा परतीचा मेमो हाती आल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यास पंधरा दिवस. ते उलटल्यावर एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार. या शेवटच्या टप्प्यातील उशीर न्यायालय सबळ कारण असल्यास माफ करू शकते; नोटिशीच्या तीस दिवसांना मात्र तशी सवलत नाही. उधारी फार जुनी असेल, तर आणखी एक प्रश्न उभा राहतो: तीन वर्षे उलटण्यापूर्वी बाकी मान्य असल्याची सही देणेकऱ्याकडून घेतली होती काय? दरवर्षी वर्ष बदलताना खातेउतारा पाठवून त्यावर मान्यतेची सही घेण्याची जुनी रीत आपल्या वडीलधाऱ्यांनी उगाच पाळली नव्हती.

तिसरा प्रश्न पौड की पुणे. यावर महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात, १ ऑगस्ट २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चेक देणाऱ्याची बँक जेथे असेल तेथेच तक्रार करावी असे ठरविले होते. देशभरातील व्यापाऱ्यांची त्यामुळे मोठी पळापळ झाली. २०१५ च्या दुरुस्तीने संसदेने ते बदलले. आता खात्यात भरलेल्या चेकबाबत, चेक घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयाला अधिकार आहे. चेक अन्य कोणत्याही शाखेत टाकला तरी. दुकान घोटावड्यात असले, तरी ते येथे निर्णायक नाही. चालू खाते पिरंगुटच्या शाखेत असेल तर पौड, आणि वडिलांच्या वेळेपासूनचे खाते पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर असेल तर पुणे, असा हा साधारण हिशेब. नवे खाते कोठे उघडावे, याचा विचार करताना हेही ध्यानात घ्यावे.

रोखीच्या व्यवहाराबद्दलही २०२५ ने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने हातउसनी घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. या आधारे केरळ उच्च न्यायालयाने म्हटले होते की, असे रोखीचे देणे कायदेशीर वसुलीस पात्रच नाही. गोव्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे मत अमान्य केले. मनाई मोडल्यास आयकर कायद्यानुसार दंड होईल, पण त्यामुळे कर्ज बेकायदा ठरत नाही आणि चेकचा खटला कोसळत नाही. हे वाचून कोणी सुटकेचा निःश्वास टाकील, त्याने १६ एप्रिल २०२५ चा दुसरा निकाल पाहावा. बंगळूरमधील एका मिळकतीसाठी पंचाहत्तर लाख रोख दिल्याचा दावा न्यायालयापुढे होता. न्यायमूर्ती पारडीवाला व न्यायमूर्ती महादेवन यांनी निर्देश दिला की, दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने दिल्याचे कोणत्याही दाव्यात म्हटले असेल, तर न्यायालयाने ते आयकर विभागाला कळवावे. म्हणजे आपण वसुलीसाठी न्यायालयाचे दार ठोठावतो, तेव्हा आपली वहीसुद्धा उघडी करून देतो. मुळशीच्या जमिनींच्या व्यवहारात 'थोडे वर, थोडे खाली' ही भाषा ज्यांच्या कानावर रोज पडते, त्यांना अधिक सांगणे नलगे.

तडजोडीबाबत मात्र वार्ता चांगली आहे. २०१० च्या 'दामोदर प्रभू' निकालानुसार, आरंभीच्या तारखा उलटल्यावर मिटविणाऱ्या आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे चेकच्या रकमेच्या दहा टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात पंधरा, आणि सर्वोच्च न्यायालयात वीस टक्के रक्कम विधी सेवा प्राधिकरणाकडे भरावी लागे. गोव्याच्या निकालाने हे ओझे हलके केले. बचावाचा पुरावा सुरू होण्यापूर्वी चेकची रक्कम दिली तर काहीच अधिक नाही. त्यानंतर निकालापूर्वी पाच टक्के, वरच्या न्यायालयांत साडेसात, आणि सर्वोच्च न्यायालयात दहा. समन्स ई-मेल वा व्हॉट्सअ‍ॅपवरूनही बजावावे, न्यायालयाने रक्कम भरण्यासाठी ऑनलाइन सोय द्यावी, तक्रारीला ठरावीक नमुन्यात गोषवारा जोडावा, असेही निर्देश आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पर्यंत ते अमलात आणावेत असे सांगितले होते. ज्याला खरोखर पैसे द्यावयाचे आहेत, त्याने पहिल्या तारखेलाच यावे.

शेवटी, घरातील स्त्रियांविषयी, कारण या बाबतीत आपल्या कुटुंबांत कमालीची बेफिकिरी आहे. सोय म्हणून पत्नीला, सुनेला, कधी वृद्ध मातोश्रींना भागीदार केले जाते. त्यांनी पेढीची पायरीही चढलेली नसते. चेक फिरला की तक्रारीत त्यांची नावे येतात. २०१३ मध्ये मुंबईतील एका विकासक कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संयुक्त खात्यावरील चेकवर पतीने एकट्यानेच सही केली असेल, तर पत्नी केवळ खातेदार म्हणून आरोपी होत नाही. भागीदारीचे तसे नाही. २०२३ च्या एका निकालानुसार, नुसते भागीदार असणे पुरेसे नाही, ती व्यक्ती त्या वेळी कारभार पाहत होती असे तक्रारीत नमूद असावे लागते. पण १४ जुलै २०२५ च्या निकालाने हेही ठरविले की, पेढीला आरोपी केले नसले, तरी भागीदारांविरुद्धची तक्रार चालू शकते, कारण भागीदारीत पेढी म्हणजे भागीदारच. कारभार पाहत नव्हतो हे सांगण्यासाठीसुद्धा तारखेला हजर राहावे लागते, जामीन द्यावा लागतो.

तेव्हा भागीदारीपत्रक कपाटातून काढावे, त्यात कारभार कोण पाहतो, बँकेतील सहीचा अधिकार कोणाला आहे, हे स्पष्ट लिहिले आहे काय ते पाहावे. नसेल तर दुरुस्तीपत्र करून घ्यावे. आणि ज्यांची नावे त्यात आहेत, त्या घरातील भगिनींना ते एकदा वाचून दाखवावे.